संध्याकाळी सात ते दहा

सोमवार

टीव्ही पाहणे कमी करायचे ठरवले तेव्हा माझ्या डोक्यात केवळ तासांचा हिशेब होता. संध्याकाळी सातला सुरू होणारा आमच्या दिवाणखान्यातला संच रात्री दहाच्या आसपास कधीतरी बंद होतो, म्हणजे रोजचे तीन तास गेले, आणि त्यातला निम्मा वेळ जरी हाती आला तरी थोडे वाचन, थोडे फिरणे आणि मुलीशी चार शब्द बोलणे एवढे सहज जमेल, असा माझा अंदाज होता. प्रत्यक्षात संच बंद राहू लागला तेव्हा लक्षात आले की तो आमच्या घरात मनोरंजनाखेरीज इतरही कितीतरी कामे बिनबोभाट करत होता, आणि ती कामे दुसऱ्या कोणावर तरी सोपवल्याखेरीज त्याला सुट्टी देता येणार नाही.

पहिले काम घड्याळाचे. सासूबाईंची रक्तदाबाची गोळी साडेसातच्या मालिकेच्या पहिल्या जाहिरातीला घेतली जाते. दुसऱ्या जाहिरातीला मी कुकरखालचा गॅस बंद करते, आठची मालिका संपली की पाने वाढली जातात, आणि साडेनऊचे शीर्षकगीत ऐकू येईपर्यंत ओटा पुसून झालेला नसला तर मला उगाच उशीर झाल्यासारखे वाटते. भिंतीवर घड्याळ आहे, पण त्याच्याकडे संध्याकाळी सातनंतर कोणी पाहत नाही. परवा संच लावलाच नाही, तेव्हा गोळी राहून गेली आणि सासूबाईंनी विचारले, "आज जेवणं उशिरा झाली का गं?" वास्तविक त्या दिवशी आम्ही नेहमीपेक्षा लवकर जेवलो होतो.

मुलीने लगेच आजीच्या मोबाइलवर गजर लावून दिला. तो वाजला की सासूबाई दचकतात आणि रक्तदाबाच्या गोळीसाठी दचकणे हा काही शहाणपणाचा उपाय नव्हे. शेवटी त्यांनीच मार्ग काढला. दिवेलागणीला देवापाशी दिवा लावतात, तिथेच आता गोळ्यांची डबी ठेवली आहे. दिवा लावला, हात जोडले, गोळी घेतली. मालिका येण्यापूर्वी त्यांच्या सासूबाईंचे काढेही याच वेळी होत असत, असे त्या म्हणाल्या.

मंगळवार

पतसंस्थेत आज दुपारच्या डब्याच्या वेळी मोहित्यांचे वडगावचा विषय निघाला. आमच्याच सांगली जिल्ह्यातल्या, कडेगाव तालुक्यातल्या या गावाने ऑगस्ट 2022 मध्ये ठरवले की रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल दीड तास बंद ठेवायचे आणि त्या वेळात मुलांनी अभ्यास करायचा. टाळेबंदीत शाळा मोबाइलवर भरली, शाळा पुन्हा वर्गात गेली तरी मुलांच्या हातातला मोबाइल तसाच राहिला, अशी पालकांची आणि शिक्षकांची तक्रार होती. त्यातून हा निर्णय झाला. त्या वेळी देशभरच्या वर्तमानपत्रांनी आणि वृत्तवाहिन्यांनीही या गावाची दखल घेतली होती. टीव्ही बंद ठेवणाऱ्या गावाची बातमी लोकांनी टीव्हीवर पाहिली, ही गंमत आमच्या कॅशियरबाईंनी नेमकी हेरली.

मला त्या भोंग्याचा हेवा वाटतो. सगळ्या गावाने एकदम बंद केले की कोणा एकाचे काही चुकत नाही. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर किंवा कट्ट्यावर कालच्या भागाबद्दल बोलणारे कोणी नसते. आमच्या इमारतीत तसे नाही. आम्ही संच बंद ठेवला की वरच्या मजल्यावरची मालिका खिडकीतून अलगद खाली येते. सासूबाई काल लसूण सोलत बसल्या होत्या. वरून ढोलाचा एक ठोका आणि त्यामागून बायकांच्या आवाजातला आलाप ऐकू आला, तेव्हा हातातली पाकळी तशीच धरून त्यांनी सांगितले की धाकट्या जावेला दागिन्यांचा पत्ता लागलेला दिसतो. आज वरच्या वहिनींकडून खात्री करून घेतली. दागिन्यांचाच प्रसंग होता.

यावरून एक गोष्ट मला स्पष्ट झाली की या वयात त्यांच्याकडून मालिका काढून घेणे हा निव्वळ उद्धटपणा होईल. सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या मैत्रिणी एकेक करून कमी होतात, गुडघ्यांमुळे जिना उतरणे अवघड होते, आणि रोज ठरल्या वेळी घरात येणारी जी माणसे उरतात, ती पडद्यावरची. आपण कामावर जातो, दहा जणांशी बोलतो, येताना भाजीवालीशी हुज्जत घालतो आणि घरी येऊन त्यांना टीव्हीच्या दुष्परिणामांवर व्याख्यान देतो, यात न्याय कुठला? तेव्हा त्यांनी काय पाहायचे ते त्यांनीच ठरवावे आणि बाकीच्यांनी नुसता संच चालू आहे म्हणून त्याच्यासमोर बसू नये, एवढाच नियम आम्ही केला.

बुधवार

आज कागद घेऊन हिशेब केला. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, 1994 प्रमाणे एका तासात 12 मिनिटांहून अधिक जाहिराती दाखवू नयेत. त्यांतली 10 मिनिटे व्यापारी जाहिरातींची आणि 2 मिनिटे वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांच्या जाहिरातींची. ही मर्यादा काटेकोरपणे पाळली जाते असे धरले, तरी तीन तासांत 36 मिनिटे होतात, आणि मालिकांच्या सहा दिवसांची 216. म्हणजे आठवड्याला साडेतीन तासांहून अधिक काळ मी साबण, मसाले आणि भिंतींचे रंग पाहत होते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्यात किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. चालायला वेळ मिळत नाही असे मी आमच्या डॉक्टरांना गेली काही वर्षे सांगत आले आहे. कथेला हात न लावता नुसत्या जाहिरातींच्या वेळात ते चालणे होऊन मिनिटे उरली असती.

कथेचे म्हणाल तर तिलाही फारसा धक्का लागत नाही. अर्ध्या तासातून जाहिराती, शीर्षकगीत, कालच्या भागाचा सारांश आणि उद्याच्या भागाची झलक वजा केली की उरलेल्या वेळात एखादी बातमी फुटते आणि ती ऐकणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा कॅमेरा आळीपाळीने जवळून दाखवतो. सासूबाईंनी मध्ये आठ-दहा दिवस त्यांची नेहमीची एक मालिका सोडून दिली होती. परत पाहायला बसल्या तेव्हा नायिका त्याच इस्पितळात, त्याच खाटेवर होती आणि बाहेर बाकावर तीच मंडळी तेच बोलत होती. "काही चुकलं नाही हो आपलं," असे त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, आणि त्यांच्या बोलण्यात थोडी निराशाही होती.

यात लेखकांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. आठवड्यातून सहा भाग द्यायचे म्हणजे वर्षाचे तीनशेच्या घरात जातात. त्यात ‘बार्क’ ही संस्था देशभरातल्या पन्नास हजारांहून अधिक निवडक घरांत बसवलेल्या मापकांवरून दर आठवड्याला प्रेक्षकसंख्येचे आकडे काढते आणि त्या आकड्यांवर कथा लांबते, वळते किंवा अचानक गुंडाळली जाते. त्या घरांतल्या माणसांनी समोर बसताना रिमोटवरचे आपापले बटण दाबायचे असते. आमच्याकडे असले यंत्र नाही. मी साडेआठची मालिका डोळ्यांत प्राण आणून पाहिली काय किंवा सोडून दिली काय, त्या कारखान्याच्या हिशेबात काडीचाही फरक पडत नाही, हे समजल्यावर मला फार हलके वाटले.

शुक्रवार

मालिका सोडणे तुलनेने सोपे गेले. बातम्या सोडणे आमच्या यजमानांना अद्याप जमलेले नाही आणि पावसाळ्यात तर ते बोलायचीही सोय नाही. कारण बातम्या पाहणे हे मनोरंजनात मोडत नाही, ते कर्तव्य आहे, अशी त्यांची ठाम समजूत आहे.

सांगलीकराच्या या समजुतीला इतिहास आहे, हे मान्य केले पाहिजे. कृष्णेच्या आयर्विन पुलापाशी 40 फुटांना इशारा पातळी आणि 45 फुटांना धोका पातळी धरतात. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले, गावभाग बुडाला आणि सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तके पाण्याखाली गेली. आमच्या इमारतीपर्यंत पाणी आले नाही, पण वीज गेली आणि संच बंदच राहिला. त्या दिवसांत पुण्याची आणि मुंबईची नातेवाईक मंडळी दिवसभर वृत्तवाहिन्या पाहून घाबरीघुबरी होऊन फोन करत होती. तीच ती होडी, तोच तो पूल आणि तेच ते बुडालेले छप्पर पुन्हा पुन्हा पाहून सारी सांगली वाहून गेली अशीच त्यांची समजूत झाली होती. आम्हाला मात्र पिण्याचे पाणी कुठे मिळेल, कोणत्या रस्त्याने जाता येईल आणि कोणाच्या घरी अजून माणसे अडकली आहेत, हे जिन्यात उभे राहून, एकमेकांना विचारून कळत होते आणि त्या वेळी उपयोगी पडले ते तेवढेच.

तेव्हापासून जुलै उजाडला की यजमान सकाळी चहाबरोबर वृत्तवाहिनी लावतात आणि ती दिवसभर बोलत राहते. त्यांना हवे असतात दोनच आकडे, आयर्विन पुलाची पातळी आणि कोयनेतून किती क्युसेक विसर्ग सोडला तो. हे दोन्ही आकडे त्यांच्या मोबाइलवर सकाळ-संध्याकाळ येतात, त्यासाठी चार जणांचे ओरडणे ऐकण्याची गरज नसते. आज मी फडताळाच्या दारावर कागद चिकटवला आणि त्यावर तारीख, पातळी, विसर्ग असे रकाने आखले. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर त्यांनी काही न बोलता पहिली ओळ भरली. शेजारी कालची पातळी आठवून कंसात लिहिली आणि दिवसभरात पाणी किती चढले तेही काढले. वाहिनीवर हा फरक कोणी सांगत नाही, असे ते मला म्हणाले, आणि तरीही पुढे अर्धा तास वाहिनी पाहिली.

शनिवार

रिकाम्या झालेल्या वेळाचे काय झाले, हेही प्रामाणिकपणे नोंदवून ठेवायला हवे. पहिले काही दिवस तो वेळ सरळ मोबाइलमध्ये गेला. संच बंद, दिवाणखान्यात शांतता आणि तीन माणसे तीन कोपऱ्यांत माना खाली घालून बसलेली. यापेक्षा टीव्ही बरा, तो निदान सर्वांना एका बाजूला तोंड करून बसवत होता. मुलीने तर विचारलेच की मालिका ओटीटीवर पाहिली तर ती या नियमात बसते का. वकिलीला जाणार आहे, जाऊ द्यावे.

मोबाइल आता जेवणाच्या टेबलाखालच्या खणात जातात. तेवढ्याने काही घरात ग्रंथवाचनाचा सोहळा सुरू झालेला नाही. मी वाचनालयातून आणलेली कादंबरी पन्नास पानांच्या पुढे सरकत नाही, कारण दहा मिनिटे वाचले की हात सवयीने रिमोट शोधतो. पण जेवणानंतर मी आणि मुलगी कोपऱ्यावरच्या मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन येतो. जाताना ती गप्प असते, येताना बोलते, आणि अकरावीच्या वर्गात काय चालते याची निम्मी माहिती मला या परतीच्या वाटेवर मिळाली आहे. घरी आल्यावर सासूबाई पत्ते पिसून तयार असतात. झब्बूमध्ये त्या लबाडी करतात, नातीने पकडले की चष्म्याचा नंबर वाढला असे सांगतात, आणि मालिकेतल्या सासूला ज्या शब्दांत त्या नावे ठेवत त्याच शब्दांत नात आता त्यांना नावे ठेवते.

रविवार

आज केबलवाले दादा आले होते. 2019 साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ग्राहकाला हव्या त्या वाहिन्या निवडून तेवढ्याचेच पैसे देण्याची सोय केली, हे मी वाचून ठेवले होते, म्हणून यादी तयार ठेवली होती. सासूबाईंसाठी एक मराठी वाहिनी, यजमानांसाठी एक बातम्यांची आणि एक खेळांची, बाकी दूरदर्शनच्या वाहिन्या, त्यांना वेगळी किंमत नाही. दादांनी यादी वाचली आणि ते माझ्याकडे कणवेने पाहू लागले. "वहिनी, सुट्या घेऊन काय मिळणार? थोडे पैसे घातले की अख्खा पॅक येतो, चाळीस वाहिन्या जास्त." मी त्यांना सांगितले की मला चाळीस जास्त नकोत, त्यासाठीच तर बोलावले आहे. त्यांनी पुन्हा बेरीज करून दाखवली आणि तिच्यात खोट नव्हती. कमी घ्यायला गेले की वाचते फारच थोडे. तरीही मी सुट्याच घेतल्या, कारण संपूर्ण पॅक असला की रात्री साडेनऊला यजमानांचा अंगठा रिमोटवर चालू लागतो आणि कुठेही न थांबता अकरा वाजवतो.

पूर्वी मुंबई दूरदर्शनवर ‘साप्ताहिकी’ लागत असे. पुढच्या आठवड्यात काय काय आहे ते त्यात सांगत आणि माझे वडील वहीच्या पाठच्या पानावर वार आणि वेळ टिपून ठेवत. तेव्हा एकच वाहिनी होती, तरी त्यांतले दोन-तीनच कार्यक्रम ते निवडत आणि तेवढ्याच वेळा संच लागे. आज आम्हीही तसा कागद केला. सासूबाईंनी दोन मालिका लिहिल्या, यजमानांनी सामने आणि अर्ध्या तासाच्या बातम्या, मुलीने शनिवारचा एक चित्रपट. मी माझ्या नावापुढे रेघ मारली होती, तिथे सासूबाईंनी त्यांची साडेसातची मालिका लिहिली आणि म्हणाल्या की एकट्याने पाहण्यात मजा नाही, एक तरी तू माझ्याबरोबर पाहा. ती मी पाहणार आहे, लसूण न सोलता आणि मध्येच न उठता.

गणपतीत वन्सं येणार आहेत आणि त्यांच्या तीन मालिका आमच्या यादीत नाहीत. सासूबाईंचे म्हणणे असे की पाहुण्यांना असले नियम लावू नयेत. यजमानांचे म्हणणे असे की ताई आल्यावर टीव्ही चालू आहे की बंद, हे आजवर कोणाला ऐकू आलेले नाही.