खर्ज कुठे अडवायचा

ट्रेबल बूस्टर, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचे वरचे स्वर जोरदार करून पुढे पाठवणारी डबी. हे प्रकरण उघडून पाहिलं तर अगदीच किरकोळ निघतं. एक ट्रान्झिस्टर, तीन रेझिस्टर, चार कपॅसिटर, एक पॉट (नॉबखालचा फिरवायचा रेझिस्टर) आणि नऊ व्होल्टची बॅटरी. १९६० च्या दशकात लंडनमध्ये ‘डॅलस रेंजमास्टर’ निघाला, तेव्हा तो पायाने दाबायचा पेडलसुद्धा नव्हता. अ‍ॅम्पच्या डोक्यावर ठेवायची डबी होती ती. आवाज वाढवायचा एकच नॉब, टोन कंट्रोल नाहीच. रोरी गॅलाघर, टोनी आयोमी, ब्रायन मे या मंडळींनी एवढ्याशा सर्किटवर काय काय करून ठेवलंय ते सगळ्यांना ठाऊक आहे.

माझा बूस्टर घरगुती, नौपाड्यात जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून जोडलेला. ट्रान्झिस्टर एसी १२८, जर्मेनियमचा, बाबांच्या मोडीत निघालेल्या रेडिओतला. बाबांच्याच आग्रहाने टोनचा पॉटही बसवला होता, रेडिओत असतो तसा: आउटपुटच्या टोकाला, वरचे स्वर एका कपॅसिटरमधून ग्राउंडला सोडून देणारा. तो फिरवला की कर्कशपणा कमी व्हायचा, हे खरं. पण सोबत आवाजातला जीवही जायचा. उरायचं ते मचूळ पाणी.

कारण बूस्टरचा खरा खेळ शेवटी नाही, सुरुवातीला आहे. गिटारची वायर आत येते तिथे एक चिमुकला कपॅसिटर असतो, अंगावर ४७२ छापलेला. सत्तेचाळीसवर दोन शून्यं, म्हणजे ४७०० पिकोफॅरड. ट्रान्झिस्टरच्या इनपुटशी जोडी जमवून तो साधारण दोन-अडीच हजार हर्ट्झच्या खालचं सगळं हळूहळू कमी करत नेतो. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली तर ८२ हर्ट्झ. म्हणजे खर्ज आत पोचतो तो चांगलाच रोडावून. ठाण्याला सकाळच्या फास्टमध्ये दारातच दोन धिप्पाड माणसं बॅगा घेऊन उभी राहिली की आतली जागा रिकामी असूनही बाकीच्यांचा चेंदामेंदा होतो, तसा हा खर्ज. तो पूर्ण ताकदीने ट्रान्झिस्टरमध्ये आणि पुढे अ‍ॅम्पमध्ये शिरला, की सगळे स्वर एकमेकांवर चढतात आणि नुसता गदारोळ होतो. आधीच अडवला, तर तीच विकृती (डिस्टॉर्शन, गिटारवाल्यांना हवी असणारी, गोड विकृती) स्वच्छ ऐकू येते. एकदा झालेला गदारोळ शेवटच्या पॉटने निवडून काढता येत नाही.

म्हणून टोनचा पॉट काढला आणि इनपुटला तीन ठिकाणी थांबणारा टॉगल स्विच लावला. मधे ठेवला तर नुसता ४७२. वर केला की त्याला समांतर १०३ जोडला जातो, खाली केला की ४७३. समांतर कपॅसिटरची बेरीज होते, त्यामुळे खर्जाला तेवढं दार जास्त उघडतं. वरची जागा मला सगळ्यात आवडते. खालच्या जागेला ट्रेबल बूस्टर म्हणणं जरा धाडसाचंच आहे, पण पातळ आवाजाच्या सिंगल कॉइल पिकअपला (गिटारवर तारांखाली बसवलेला, एका वेटोळ्याचा) ती शोभते. स्विचऐवजी पॉट लावून मधलं सगळं मिळवता येतं, पुष्कळ लोक तसंच करतात. मला नको. पॉट असला की मी वाजवायचं सोडून तो फिरवत बसते.

“अगं, पण मधलं काही हवं असलं तर?” बाबांनी विचारलं. त्यांच्या मते ज्या यंत्राला फिरवायचं बटण नाही ते अर्धवट. मी म्हटलं, “गिटारवर आहे की व्हॉल्यूमचा नॉब.” आणि खरंच, तो थोडा कमी केला की या सर्किटचा आवाज सुंदर निवळतो.

एका गोष्टीवर मात्र कुठलाच स्विच चालत नाही. ठाण्याचा मे महिना. जर्मेनियममधली गळती, म्हणजे ट्रान्झिस्टरमधून आपोआप झिरपणारा करंट, तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण दुप्पट होते. कलेक्टरवर, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी आवाज बाहेर देणाऱ्या पायावर, सात व्होल्टच्या आसपास असावेत अशी रीत. सकाळी मीटर तेवढे दाखवतो, आणि दुपारी पत्र्यासारखी तापलेली गच्ची डोक्यावर असताना आकडा खाली घसरलेला असतो. आवाज जाडसर होतो, थोडा खरखरतो. लंडनच्या हवेत हा त्रास कुणाला फारसा जाणवला नसेल. मी उन्हाळ्यात संध्याकाळनंतरच वाजवते, शेजाऱ्यांची जेवणं उरकायच्या आत.

आता डबीचं तेवढं राहिलंय. पॉटचं भोक सात मिलिमीटरचं, टॉगलची मान सहाची, त्यामुळे स्विच हलतो. बाबांनी त्यांच्या खिळ्या-स्क्रूंच्या बरणीतून एक पितळी वॉशर शोधून दिला. तो किंचित मोठा आहे, बाजूच्या नॉबला घासतो. कानस लावून एका अंगाने थोडा खाली आणला की बसेल.