आवडता फोटो कुणाचा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पासपोर्ट फोटोच्या प्रिंटची वाट बघत बसलेलं गिऱ्हाईक स्टुडिओतल्या भिंतीवरच्या फ्रेमा न्याहाळतं आणि हमखास विचारतं, "यातला तुमचा सगळ्यात आवडता कुठला हो?" आवडता त्या भिंतीवर नाहीच. ती भिंत धंद्याची. तिथं बारशाची बाळं आणि महाबळेश्वरला सूर्यास्तासमोर उभी केलेली जोडपी.

माझा आवडता फोटो पोरबंदरच्या एका शिंप्याचा आहे. स्टीव्ह मॅकरी या अमेरिकन फोटोग्राफरनं १९८३ च्या पावसाळ्यात काढलेला. गळ्याएवढ्या पाण्यात एक म्हातारा, खांद्यावर गंजलेलं शिलाई मशीन, आणि चेहऱ्यावर हसू. असल्या वेळी माणूस हसतो कसा, असं पुण्या-मुंबईचे पाहुणे विचारतात. सांगलीकर विचारत नाही. घरात गुडघाभर गाळ असताना "या, बसा, चहा टाकतो" म्हणणारी माणसं आम्ही पाहिलीत.

फोटो छापून आल्यावर मशीनच्या कंपनीनं त्या शिंप्याला नवं मशीन दिलं, असं मॅकरी सांगतो. बरं झालं. पण मला या फोटोत खरी गंमत वाटते ती कॅमेऱ्याच्या जागेची. म्हातारा आपल्याकडं समोरासमोर बघतोय, म्हणजे फोटो काढणाराही त्याच घाण पाण्यात उतरलेला आहे. हातात कोडाक्रोम, स्लाइडची फिल्म. रोलमध्ये ३६ फोटो, उजेडाचा अंदाज जरा हुकला की फोटो गेला, आणि काय आलंय ते बघायला मागं स्क्रीन नाही.

आता २०१९ चा ऑगस्ट आठवा, आमच्या सांगलीचा महापूर. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि कृष्णा ५७ फुटांच्या वर गेलेली. त्या आठवड्यातले जे फोटो मोबाइलवर फिरले ते बहुतेक ड्रोनचे, नाहीतर कुठल्यातरी गच्चीवरून काढलेले. मारुती रोड, हरभट रोड, टिळक चौक, सगळीकडं चहाच्या रंगाचं पाणी आणि वर नुसती छपरं. पाणी किती आलं ते त्यावरून कळतं, नाकारत नाही. पण घर सोडताना बाईनं आधी काय उचललं, देव, की सातबाऱ्याची फाइल, की शेळी, ते तेवढ्या उंचीवरून दिसत नाही. शिंप्यानं काय उचललं ते दिसतं.

पाणी ओसरल्यावर लोक माझ्याकडं अल्बम घेऊन आले. एकीच्या अल्बमात नवरीचा चेहरा पार धुऊन गेलेला, मुंडावळ्या तेवढ्या जागच्या जागी. हे सांगून ठेवतो, कारण पुराचा नेम नाही. लॅबमध्ये धुतलेल्या जुन्या फोटोंच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो, चित्र त्या थरात असतं. भिजलं की ते फुगून मऊ पडतं, आणि दोन फोटो तोंडाला तोंड लावून वाळले की संपलं. म्हणून ओला अल्बम उन्हात टाकू नका, चिकटलेले फोटो ओढू तर अजिबात नका. परातीत स्वच्छ गार पाणी घेऊन त्यात सोडा, सैल झाले की कडेला धरून अलगद काढा, आणि चित्राची बाजू वर करून सावलीत वाळवा. चित्रावर बोट लागता कामा नये. लगेच हात लावायला सवड नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरात ठेवा, तोवर बुरशी धरत नाही.

मॅकरीबद्दल एक राहिलं. २०१६ साली त्याच्या काही फोटोंत संगणकावर माणसं-वस्तू पुसल्याचं उघड झालं. मग तो म्हणाला, मी बातमीदार नाही, चित्रांतून गोष्ट सांगणारा आहे. लग्नाच्या फोटोतून विजेचा खांब मीही पुसतो, पण मी त्याला इतिहास म्हणत नाही. शिंप्याचा फोटो मात्र माझ्या मनातून उतरला नाही.

कॅमेऱ्याच्या जागेचा माझा हा आग्रह एका फोटोपुढं लंगडा पडतो. डिसेंबर १९८४, भोपाळची वायुदुर्घटना. खड्ड्यात पुरलं जाणारं अनोळखी लेकरू, डोळे उघडे. रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू, दोघंही आपल्याकडचे फोटोग्राफर. राय यांनी ते कृष्णधवल टिपलं, पाब्लो यांनी रंगीत. पाब्लो यांच्या फोटोला वर्ल्ड प्रेस फोटो या वृत्तछायाचित्रांच्या जागतिक स्पर्धेत वर्षातला सर्वोच्च मान मिळाला. दोघांनीही वरून खालीच बघितलं, दुसरं काय करणार? मला रघु रायांचा जवळचा वाटतो. तो मी भिंतीवर लावणार नाही.

आणि होमाई व्यारावाला. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, जन्म १९१३, नवसारीचा. शिक्षण मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयात. साडी नेसून, अवजड कॅमेरा घेऊन दिल्लीभर फिरायच्या. पालम विमानतळावर बहिणीची वाट बघत उभे असलेले नेहरू त्यांनी टिपले, शेजारी पाटी: फोटो काढण्यास सक्त मनाई. पाटी चौकटीत ठेवायची बुद्धी झाली, तिथंच बाई जिंकल्या. नेहरूंना त्या उभ्या आहेत हे ठाऊक असणार, पण त्यांचा अडसर कुणाला होत नव्हता. २०११ साली पद्मविभूषण मिळालं, पण काम त्यांनी १९७० मध्येच थांबवलं होतं. नव्या फोटोग्राफरांची वागणूक बघवेना, हे त्यांचं कारण.

आमच्या धंद्यातल्या पोरांना मी हे मुद्दाम सांगतो. कारण हल्ली मंगलाष्टकं सुरू झाली की अंतरपाटाच्या दोन्ही अंगांना चार-चार कॅमेरे उभे असतात, आणि अक्षता नवरा-नवरीपेक्षा आमच्याच टकलावर जास्त पडतात.