गाडी झोपते, उंदीर जागा असतो

अमेरिकेच्या उत्तर भागात ऑक्टोबर संपत आला की काही घरांत गाडी ‘झोपवायची’ तयारी सुरू होते. रोज ऑफिसला न्यायची गाडी नव्हे, ती बिचारी बर्फातही पळतच असते. झोपते ती हौसेची गाडी: जुन्या जमान्यातली, छत उघडणारी, रविवारी पुसून पुसून चकाकवलेली. इथे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते मीठ पत्रा खातं. म्हणून थंडीचे चार-पाच महिने ही गाडी शेडमध्ये. आधी तिला स्वच्छ धुतात, टाकी काठोकाठ भरतात, पेट्रोल टिकावं म्हणून त्यात स्टॅबिलायझर घालतात, बॅटरीला मंद गतीचा चार्जर जोडतात, वर कापडाची खोळ घालतात. मालक निश्चिंत होतो आणि नेमके तेव्हाच गाडीला भाडेकरू मिळतात.

इथल्या जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांशी बोलायला लागल्यावर एक गंमत लक्षात आली. गंजाबद्दल ही माणसं दहा मिनिटं बोलतात, उंदरांबद्दल तासभर. प्रत्येकाचा स्वतःचा रामबाण उपाय असतो आणि तो शेजाऱ्याच्या रामबाण उपायाला हसत असतो. बरंच ऐकून, पाहून आणि वाचून माझं मत असं झालं आहे की या लढाईत वासाचे उपाय जवळजवळ कुचकामी आहेत. उपयोगी पडतात त्या दोनच गोष्टी, बुजवलेली फट आणि वेळेवर मांडलेला सापळा. दोन्ही कंटाळवाण्या आहेत, त्यामुळे त्यांची जाहिरात कुणी करत नाही.

आधी शत्रू कोण ते पाहू. घरातला करडा उंदीर असतोच, पण शेडमधल्या गाडीत बहुतेक वेळा सापडतो तो रानातला. डिअर माऊस किंवा त्याचा भाऊबंद व्हाइट-फूटेड माऊस. पाठ तपकिरी, पोट आणि पाय पांढरेशुभ्र, डोळे टपोरे, वजन वीस ग्रॅमच्या आसपास. इतका गोंडस की पहिल्यांदा दिसला तर मारायला हात धजत नाही. हे उंदीर हिवाळाभर गाढ झोपून राहणाऱ्यांपैकी नाहीत. ते एकमेकांना चिकटून ऊब धरतात आणि पानगळीच्या दिवसांत जमवलेल्या बिया खात थंडी काढतात. म्हणजे त्यांना कोरडा आडोसा हवा, मऊ अंथरूण हवं आणि कोठार हवं. उभ्या गाडीत तिन्हींची सोय आहे. एअर फिल्टरचा डबा म्हणजे तयार कोठार. सीटमधला स्पंज, बॉनेटच्या आतलं जाड फेल्ट आणि ग्लोव्ह बॉक्समधले टिश्यू म्हणजे अंथरूण. त्यामुळे ‘गाडीत खायला काही नाही, मग उंदीर कशाला येईल?’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. तो जेवायला येतच नाही, राहायला येतो.

आत शिरायला त्याला सहा मिलिमीटरची, म्हणजे साधारण पेन्सिलीच्या जाडीएवढी फट पुरते. टायरवरून चढून तो इंजिनाशी पोचतो. पण त्याचा खरा राजमार्ग समोरच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरच्या खाली असतो. तिथल्या जाळीदार पट्टीतून बाहेरची हवा गाडीत ओढली जाते. त्या वाटेने तो केबिन फिल्टरपर्यंत आणि पुढे पंख्यापर्यंत जातो, आणि तिथे घरटं बांधलं की मालकाला वसंतापर्यंत पत्ता लागत नाही. मग पहिल्यांदा पंखा सुरू केला की टरटर आवाज, चिंध्यांचा पाऊस आणि मुताचा तो उग्र दर्प. वास डॅशबोर्डच्या आतल्या नळ्यांत मुरला असेल तर मेकॅनिकला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

दुसरं नुकसान वायरींचं. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, त्यामुळे कुरतडणं हा त्याचा छंद नाही, गरज आहे. हल्ली काही गाड्यांच्या वायरींच्या वेष्टनात सोयाबीनपासून बनवलेले घटक असतात आणि त्यामुळेच उंदीर भुलतात, असा इथे मोठा समज आहे. गाडीमालकांनी यावरून कंपन्यांना कोर्टातही खेचलं. मला हा समज पुरता पटत नाही. सोयाबीनचा संबंध येण्याच्या कितीतरी आधीपासून उंदीर वायरी तोडत आले आहेत. मात्र वायर वाचवायची असेल तर एक चांगली वस्तू मिळते. मिरचीला तिखटपणा देणारं कॅप्सेसिन लावलेली टेप होंडा विकते आणि मेकॅनिक ती इतर कंपन्यांच्या गाड्यांनाही गुंडाळतात. अख्खं इंजिन गुंडाळणं शक्य नसतं, पण एकदा तुटलेली वायर दुरुस्त केल्यावर त्या जागी लावायला ती उत्तम.

उंदीर एकटेच गुन्हेगार नाहीत, हेही सांगायला हवं. नॉर्थ डकोटातल्या फार्गोमध्ये २०२१ साली एका लाल खारीने एका माणसाच्या पिकअपमध्ये बेचाळीस गॅलन, म्हणजे सुमारे एकशे साठ लिटर काळे अक्रोड भरून ठेवले होते. बंपरमागे, फेंडरच्या आत, जिथे पोकळी मिळेल तिथे! कॅलिफोर्नियात सेकोया नॅशनल पार्कच्या मिनरल किंग खोऱ्यात मारमॉट नावाचे गुबगुबीत प्राणी रेडिएटरचे पाइप चावतात, म्हणून पर्यटक गाडीखालून ताडपत्री ओढून तिचं गाठोडं बांधतात आणि मगच डोंगर चढायला जातात. तिकडे जर्मनीत हाच उद्योग मार्टेन नावाचा प्राणी करतो. तो उंदरांच्या कुळातलाही नाही, मांसाहारी आहे, तरी वायरी सोडत नाही.

आता उपायांची जत्रा. सगळ्यात लोकप्रिय म्हणजे डांबरगोळ्या. सीटखाली टाका, बॉनेटखाली टाका, उंदीर फिरकणार नाही म्हणतात. मोकळ्या शेडमध्ये तो वास पांगून जातो आणि बंद गाडीत टाकला तर तो सीटच्या कापडात जाऊन बसतो. ती वाफ माणसाला चांगली नाही. अमेरिकेत ही गोळी कायद्याने कीटकनाशक आहे आणि वेष्टनावर लिहिलेल्या कामाखेरीज दुसऱ्या कामाला वापरणं बेकायदा आहे. ते लिहिलेलं काम म्हणजे हवाबंद पेटीतल्या कपड्यांची कसर मारणं. पेपरमिंटचं तेल निदान सुवासिक तरी असतं, पण ते थोड्या दिवसांत उडून जातं आणि बाहेर उणे वीस तापमान असताना उंदीर पुदिन्याच्या वासाला घाबरून घर सोडेल ही आशा जरा भाबडीच. कपडे वाळवायच्या यंत्रात टाकायच्या सुगंधी पट्ट्या गाडीभर पसरणारेही आहेत. मेकॅनिक हसत सांगतात की त्याच पट्ट्या बारीक फाडून घरट्यात अंथरलेल्या सापडतात. आणि माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणारी ती यंत्रं? ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या ‘फेडरल ट्रेड कमिशन’ या इथल्या सरकारी संस्थेने २००१ साली अशा यंत्रांच्या साठहून अधिक उत्पादकांना आणि विक्रेत्यांना ताकीद दिली होती की दाव्यांना शास्त्रीय पुरावा ठेवा. यंत्रं अजून विकली जातात, कारण प्लगमध्ये खोचलं की काहीतरी केल्याचं समाधान मिळतं.

मांजराचं काय, असं घरून फोनवर हमखास विचारतात. शेतावरची मांजरं बऱ्यापैकी उंदीर कमी करतात, खरं आहे. पण उंदीर एकदा वायपरखालच्या जाळीतून आत गेला की मांजर बॉनेटवर बसून फक्त वाट पाहू शकतं.

खरं काम गाडीपासून दूर, शेडच्या बाहेर सुरू होतं. गाडी हा शेवटचा तट आहे. उंदीर तिथपर्यंत पोचला म्हणजे आधीचे सगळे तट पडले. भिंतीला टेकवलेला सरपणाचा ढीग हलवायचा, भिंतीलगतचं गवत कापायचं. पक्ष्यांचे दाणे, कुत्र्याचं खाणं, लॉनचं बियाणं हे सगळं झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. मग दिवसाउजेडी शेडमध्ये उभं राहून दार बंद करायचं आणि कुठून उजेड येतो ते बघायचं. ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खरी तपासणी. मोठ्या दाराच्या खालच्या रबराचे दोन कोपरे हमखास गेलेले असतात. लहान भोकांत स्टेनलेस तारेची घासणी किंवा तांब्याची जाळी ठासून बसवायची. साधी लोखंडी घासणी गंजून पडते. नुसता फोम फवारून समाधान मानू नये, उंदीर तो सहज कुरतडतो. मोठ्या फटीला सहा मिलिमीटर घराची गॅल्व्हनाइज्ड जाळी.

त्यानंतर सापळे. इलिनॉय राज्यातल्या ॲबिंग्डन गावच्या विल्यम हूकरने १८९४ मध्ये ज्याचं पेटंट घेतलं, तो लाकडी पट्टीवरचा स्प्रिंगचा सापळा आजही इतका कामाचा आहे की नवी चमकदार उपकरणं त्याच्यापुढे फिकी वाटतात. मात्र मांडायचा कसा हे महत्त्वाचं. उंदीर मोकळ्या मैदानातून चालत नाही, मिशा भिंतीला घासत कडेकडेने जातो. म्हणून सापळा भिंतीला काटकोनात ठेवायचा आणि आमिषाची बाजू भिंतीकडे. आमिष तांदळाच्या दाण्याएवढंच, जास्त ठेवलं तर तो वरच्यावर चाटून पसार होतो. पीनट बटर चालतं, पण थंडीत एक वेगळं आमिष फार चांगलं काम करतं: कापसाचा बोळा किंवा दोऱ्याचा तुकडा, सापळ्याच्या कळीला घट्ट बांधलेला. अंथरूण शोधत आलेला उंदीर तो ओढतोच. एक-दोन सापळ्यांनी भागत नाही. उंदीर आपल्या घरट्यापासून फार लांब जात नाही, त्यामुळे भिंतीभर दोन-तीन मीटरवर एकेक, शिवाय प्रत्येक टायरच्या आतल्या बाजूला एकेक. लहान मुलं किंवा मांजर फिरत असेल तर वर छोट्या भोकाचं खोकं झाकायचं. आणि हे सगळं गाडी आत लावायच्या आधी, थंडी पडायच्या आधी. उंदीर आत मुक्कामाला आल्यावर मांडलेला सापळा निम्मी लढाई हरल्यावर मांडलेला असतो. आठवड्यातून एकदा फेरी मारावीच लागते, कारण उंदीर अडकलेला सापळा दुसरा उंदीर पकडत नाही. चिकट पाट्यांबद्दल एवढंच म्हणेन की तो प्राणी तासन्‌तास तडफडतो, आणि ते बघवत नाही.

विष मी कुणाला सुचवणार नाही. रक्त गोठू न देणारी ही विषं काम करायला काही दिवस घेतात. तेवढ्यात उंदीर गाडीत परततो आणि डॅशबोर्डच्या मागे मरतो. तो बाहेर मेला तर घुबड किंवा ससाणा त्याला खातो आणि विष त्याच्या पोटात जातं. म्हणूनच त्यातली जास्त जहाल विषं सामान्य ग्राहकाला विकण्यावर इथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने निर्बंध घातले आहेत.

मग गाडीची पाळी. आतले बिस्किटांचे चुरे, टिश्यू, जुन्या पावत्या सगळं काढून टाकायचं. इंजिन शेवटचं बंद करण्याआधी एसीचं बटण ‘आतली हवा आतच फिरवा’ या स्थितीत ठेवायचं, बहुतेक गाड्यांत त्याने बाहेरच्या हवेचा पडदा बंद होतो. साधी युक्ती आहे, पण अनेकांना माहीत नसते. वायपरखालच्या पट्टीवर आणि एअर फिल्टरच्या नळीच्या तोंडावर बारीक जाळी. सायलेन्सरच्या तोंडात तारेची घासणी, आणि स्टिअरिंगला लाल फीत बांधून त्यावर काय काय बुजवलं आहे ते लिहायचं. तोंड बुजलेल्या सायलेन्सरने इंजिन सुरू करायचं नसतं, आणि मधल्या चार-पाच महिन्यांत माणूस विसरतो. काहीजण बॉनेट हिवाळाभर उघडं ठेवतात, म्हणजे आतला अंधारा आडोसा मोडतो. फुकटचा उपाय आहे, बंद शेडमध्ये करायला हरकत नाही.

‘दर आठवड्याला पाच मिनिटं इंजिन चालू करा, उंदीर पळतील’ हा सल्ला मात्र ऐकू नये. तेवढ्यात इंजिन नीट तापत नाही, सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी साचतं, आणि बंद शेडमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळाच. त्यापेक्षा टॉर्च घेऊन लेंड्या दिसतात का ते बघावं.

सगळं करूनही वसंतात घरटं सापडू शकतं, आणि तिथे खरी काळजी घ्यायची. १९९३ मध्ये न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कोलोरॅडो आणि युटा जिथे मिळतात त्या भागात धडधाकट तरुण माणसं श्वास कोंडून मरू लागली, आणि त्यामागे डिअर माऊसमधून पसरणारा एक हंताविषाणू निघाला. हा आजार दुर्मीळ आहे, पण झालाच तर दर तीन रुग्णांमागे एकाहून अधिक दगावतात. विषाणू लेंड्या आणि मुताच्या धुळीतून श्वासात जातो. म्हणून झाडू नाही, व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात नाही. दारं उघडून अर्धा तास हवा खेळू द्यायची, रबरी हातमोजे घालायचे, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यांचं मिश्रण फवारून पाच मिनिटं भिजू द्यायचं आणि ओल्या कागदाने टिपून पिशवीत बांधायचं. वायरींच्या जोडांवर ब्लीच जाऊ द्यायचं नाही.

पुसण्याआधी फोटो मात्र काढावेत. उंदरांनी केलेलं नुकसान इथे साधारणपणे विम्याच्या ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ भागात, म्हणजे टक्कर सोडून इतर नुकसानीच्या भागात बसतं. गाडी उभी आहे म्हणून हिवाळ्यापुरता विमा कमी करणारे पुष्कळ, पण हा भाग शहाणी माणसं चालू ठेवतात.

इंजिन सुरू करण्याची घाईही नको. सुकलेलं घरटं तापत्या सायलेन्सरच्या नळीला टेकलं तर पेटतं. शेतातल्या हार्वेस्टरना आग लागण्याचं हेही एक कारण आहे. आधी फीत वाचून एकेक बूच काढायचं, दोन्ही फिल्टरचे डबे उघडून बघायचे, वायरींवरून बोट फिरवायचं. आणि मग बॉनेटखालची जागा साबणाच्या पाण्याने पुसून घ्यायची. उंदराच्या मुताचा वास दुसऱ्या उंदरांना बोलावतो, म्हणून हे पुसणं गाडी पहिल्यांदा बाहेर काढतानाच उरकायचं.