एवढ्याशा गाडीला एवढा विमा? तुम्ही विचारलंत म्हणून

"वॅगनआरला बारा हजारांचा विमा? वेड लागलंय का तुला?"

ऑफिसात विचारून झालंय, मावसभावाच्या लग्नात विचारून झालंय, आणि परवा सोसायटीच्या लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरच्या काकांनीही विचारलं. प्रश्नामागून ठरलेला सल्ला येतो: "थर्ड पार्टी घेऊन मोकळं व्हायचं, अडीच हजारांत काम होतं." आणि त्यामागून तिसरी गोष्ट, "वॅगनआरच्या पैशांत जुनी स्विफ्ट आली असती." आजवर मी विषय बदलत आले. आता एकदाच सगळं लिहिते.

आधी हिशेबाचं बोलू, कारण तुम्हाला वाटतं की मला हिशेब कळत नाही. माझी गाडी सेकंडहँड, ९९८ सीसीची. हजार सीसीच्या आतल्या गाडीला थर्ड पार्टीचा वर्षाचा दर २,०९४ रुपये, वर अठरा टक्के जीएसटी. हा दर सरकारने जून २०२२ मध्ये ठरवला, तो मला, तुम्हाला, सगळ्यांना सारखाच. म्हणजे तुमचा अडीच हजारांचा आकडा बरोबर आहे. पण त्या अडीच हजारांत माझ्या गाडीचा एक स्क्रूसुद्धा येत नाही. माझ्या गाडीने दुसऱ्या कुणाला लागलं, कुणी गेलं, कुणाची भिंत पडली, तर त्यांची भरपाई कंपनी देते. तो विमा त्यांच्यासाठी आहे, म्हणूनच कायद्याने सक्तीचा आहे, आणि तो असायलाच हवा. माझ्यासाठी काय, हा प्रश्न त्यानंतर सुरू होतो.

"जुन्या गाडीला थर्ड पार्टी पुरे" असं म्हणणारी माणसं बहुतेक पन्नाशीच्या पुढची असतात, हे तुमच्या लक्षात आलंय का? त्यांची गाडी उद्या गेली तर हळहळतील, पुढच्या महिन्यात बँकेतली एक ठेव मोडतील आणि दुसरी घेतील. त्यांचं बरोबर आहे. त्यांना परवडतं. माझ्याकडे ठेव नाही. नोकरी लागल्यापासून जे साठलं ते सगळं या गाडीत आहे, आणि उरलेलं आईच्या भिशीचं आहे, जे मला फेडायचंय. आपल्याकडे विम्याचा हप्ता सहसा चालवणाऱ्याचं वय बघून ठरत नाही; गाडीची सीसी, तिचं वय, ती कुठल्या शहरात नोंदलेली आहे हे बघून ठरतो. पुण्याची गाडी 'अ' विभागात, म्हणून तिचा हप्ता चिपळूणच्या गाडीपेक्षा थोडा जास्त. म्हणजे चोविसाव्या वर्षी मी जो हप्ता भरते तोच साठीतला माणूसही भरतो. हप्ता सारखा आहे. नुकसान झाल्यावर पडणारा खड्डा सारखा नाही. माझी सगळी बाजू खरं तर एवढीच आहे. पण एवढ्यावर तुमचं समाधान होत नाही, म्हणून बाबांचं सांगते. ते सांगायचं मी टाळत होते.

बाबा चिपळूणजवळ लोट्याच्या एमआयडीसीत नोकरीला. शिफ्टची बस चुकली की मोटरसायकल, पावसाळ्यात परशुराम घाटातून. २०२१ च्या सुरुवातीला त्यांनी आयुष्यातली पहिली गाडी घेतली, जुनीच, कोल्हापूर पासिंगची. पतसंस्थेचं कर्ज, दोन सहकारी जामीन. व्यापाऱ्याने सांगितलं, इन्शुरन्स चालू आहे, फुल आहे, नोव्हेंबरपर्यंत बघायला नको. बाबांनी विचारलं, नावावर करायला लागेल ना? तो म्हणाला, आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) झाली की ते आपोआप होतं, माझ्यावर सोडा. मे महिन्यात आरसी बाबांच्या नावावर होऊन आली. बाबांनी पुन्हा फोन केला. पुन्हा तेच उत्तर. मोबाइलच्या ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला की विमा वैध दिसायचा. घाटात पोलिसांनी एकदा कागद पाहिले आणि परत दिले. कुठेही काही अडलं नाही.

२२ जुलैच्या पहाटे वाशिष्ठी आणि शिवनदी एकदमच चिपळुणात, आमच्या गावात, आल्या. ज्यांनी तो दिवस पाहिलाय त्यांना मी काय सांगणार. आम्ही चिंचनाक्याजवळ, पहिल्या मजल्यावर, गाडी खाली पार्किंगमध्ये. बाबा खाली उतरले तेव्हा पाणी चाकाच्या अर्ध्यावर होतं आणि बाहेरचा रस्ता कधीच बंद झाला होता. २००५ च्या पुराने त्यांना एक गोष्ट शिकवली होती. त्यांनी बॉनेट उघडलं, पान्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, बॉनेट लावलं, कुलूप केलं आणि वर आले. शेजारच्यांनी गाडी सुरू करून बाहेर काढायचा प्रयत्न केला. इंजिनात पाणी ओढलं गेलं, आणि ते तिथेच जाम झालं. बाबांनी चावी फिरवली नाही. ओरडून शेजाऱ्यांनाही सांगत होते, चावी फिरवू नका.

पाणी ओसरल्यावर गाडीचं दार उघडलं तेव्हा आतून आधी चिखल आला, मग वास. सीटचा पट्टा ओढला तर गाळ लागलेला, अर्ध्यातच अडकला. स्पीडोमीटरच्या काचेआड पाण्याची रेघ, तळाशी पेलाभर पाणी. डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये पॉलिसी होती, पानं एकमेकांना चिकटलेली. मी ती पंख्याखाली वाळवली, लाइट आल्यावर. त्या पानावरचं नाव मी तेव्हा वाचलं. ते बाबांचं नव्हतं.

नुकसान बघायला विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. गावात तेव्हा सर्व्हेअरांची रीघ होती. त्याने पहिला प्रश्न विचारला, "चावी फिरवली का?" बाबा म्हणाले, नाही. तो म्हणाला, बरं केलंत, ऐंशी टक्के क्लेम इथेच मरतात. फोटो काढले, चॅसी नंबर घासून बघितला, आणि मग आरसी आणि पॉलिसी शेजारी शेजारी ठेवली. काही वेळ तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "काका, हे नाव कुणाचं?"

मोटार वाहन कायद्याचं कलम १५७ असं आहे की गाडी विकली की विम्याचं प्रमाणपत्र नव्या मालकाकडे गेलं असं धरलं जातं, आणि नव्या मालकाने चौदा दिवसांत कंपनीला कळवून नाव बदलून घ्यायचं. ऐकायला वाटतं, झालं की मग. पण हे 'धरलं जाणं' फक्त थर्ड पार्टीपुरतं आहे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग हा कंपनी आणि ज्याच्या नावावर पॉलिसी आहे त्या माणसातला करार. तो आपोआप सरकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे नव्वदच्या दशकातच स्पष्ट केलंय. म्हणून ॲपवर वैध दिसत होतं, म्हणून पोलिसांनी कागद परत दिले. त्यांना बघायचं होतं तेवढं खरंच वैध होतं.

आम्ही कोल्हापूरच्या जुन्या मालकाला शोधलं. भला माणूस. म्हणाला, कुठे सही करू सांगा, आलेले पैसे तुम्हाला देतो. पण त्याचीही सही चालली नाही, कारण गाडी त्याची राहिली नव्हती; ती बुडाल्याने त्याचं काहीच गेलं नव्हतं. एकाकडे गाडी, दुसऱ्याकडे पॉलिसी, आणि क्लेम दोघांपैकी कुणालाच करता येत नाही. कंपनीचं पत्र आलं ते दोन ओळींचं. व्यापाऱ्याने फोन उचलणं बंद केलं.

भंगारात गाडीचे चाळीस हजार आले. पतसंस्थेचे हप्ते पुढची तीन वर्षं चालू राहिले. नसलेल्या गाडीचे. दर महिन्याच्या दहा तारखेला.

तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि मला लढायचं होतं. विमा लोकपालाकडे जाऊ, पुण्यात कार्यालय आहे, फी लागत नाही, वकील लागत नाही, हे सगळं मी शोधून काढलं होतं. बाबा नको म्हणाले. घरात चिखल, दोघी आत्यांची घरं बुडालेली, कारखाना बंद. त्या वेळी मला ते हार मानणं वाटलं. आज वाटतं, निकाल बहुधा विरुद्धच गेला असता. पण तक्रार करायला हवी होती असं म्हणणारी ती वीस वर्षांची मुलगी अजून माझ्यात आहे आणि ती मला पूर्ण चूक वाटत नाही. निदान कुणीतरी लिहून कळवलं असतं की 'आपोआप होतं' असं व्यापारी सर्रास सांगतात.

आणि एक. "बाबांनी वाचायला नको होतं का?" असं मला विचारू नका. ज्याने पाण्यात उतरून बॅटरीची वायर काढली, ज्याने व्यापाऱ्याला दोनदा विचारलं, त्याला निष्काळजी म्हणायची माझी तयारी नाही. खोटं उत्तर देणारा सोडून प्रश्न विचारणाऱ्यालाच दोष देणं मला मान्य नाही.

आता तुमच्या बाकीच्या प्रश्नांकडे येते. स्विफ्ट का नाही? कारण त्या पैशांत दहा वर्षांची स्विफ्ट येत होती, आणि मला पाच वर्षांच्या आतली गाडी हवी होती. गाडी पाच वर्षांची होईपर्यंत झिरो डेप (भरपाईतून घसारा न कापण्याची सोय) आणि इंजिनाचं संरक्षण सहज मिळतं. पुढे कंपन्या का-कू करतात. झिरो डेप नसेल तर बंपरसारख्या प्लास्टिकच्या भागांचे निम्मे पैसे आपल्या खिशातून जातात. इंजिनाचं संरक्षण नसेल तर पाण्यात सुरू करून जाम झालेलं इंजिन आपलं. मी चिपळूणची आहे, आणि राहते सिंहगड रस्त्यावर, जिथे जुलै २०२४ मध्ये एकतानगरीत गाड्या बुडाल्या. ते पाणी ओसरल्यावर दोन महिन्यांनी मी गाडी घेतली. मला कुणी सांगू नये की पुण्यात हे कशाला.

"आधीच्या मालकाला पंचेचाळीस टक्के सूट होती, तुला का नाही?" कारण क्लेम न केल्याची सूट माणसाची असते, गाडीची नसते. तो ती घेऊन त्याच्या नव्या गाडीकडे गेला. मला शून्यापासून सुरुवात. "आरसी आणि पॉलिसी दोन्हींवर नाव येईपर्यंत चावी का नाही घेतलीस?" याचं उत्तर आता द्यायला नको.

मित्रांना गाडी देत नाही याचाही राग आहे, मला माहीत आहे. लायसन्स दाखवा, देते. लर्निंग लायसन्सवर शेजारी कायम परवानाधारक बसलेला नसताना चालवलीत आणि कुठे ठोकलीत, तर गाडीचं नुकसान मिळणार नाही. समोरच्याला कंपनी देईल, आणि तेच पैसे मालक म्हणून माझ्याकडून वसूल करू शकेल. मैत्रीचा प्रश्न नाही हा. ते कर्ज माझ्या नावावर येईल.

तरीही तुमचं एक म्हणणं मला खोडता येत नाही. रात्री आकडे मांडले की दिसतं, थर्ड पार्टीवरचे साडेनऊ हजार दरवर्षी बाजूला टाकले असते तर हळूहळू माझीही एक ठेव झाली असती, आणि मग मीही तुमच्यासारखं बेफिकीर बोलू शकले असते. ती ठेव व्हायच्या आधी पूर आला तर, हे माझं उत्तर. नाही आला तर, हे तुमचं. मी कदाचित विम्याचे नाही, त्या पंख्याखाली वाळत घातलेल्या कागदाचे पैसे भरतेय. तसं असलं तरी भरणार आहे. किती वर्षं, ते मला आज सांगता येत नाही.

सध्याचा पेच वेगळा आहे. मागच्या आठवड्यात पार्किंगमध्ये कुणीतरी मागचा बंपर ठोकून गेलं. गॅरेजवाला साडेतीन हजार म्हणतो. क्लेम केला तर हजार रुपये मला भरावे लागतील, अडीच हजार कंपनी देईल, आणि पुढच्या महिन्यातल्या नूतनीकरणात पहिल्यांदाच मिळू घातलेली वीस टक्के सूट जाईल, पुढच्या वर्षीची पंचवीसही लांबेल. गाडीने आता पाच वर्षं ओलांडलीत, झिरो डेपचा दर वाढवून सांगितलाय. बाबा म्हणतात क्लेम कर, हक्काचा आहे, सोडू नकोस. त्यांच्या तोंडून हे ऐकल्यावर मला नाही म्हणवत नाही. आकडे मात्र नाही म्हणतायत. बंपर अजून तसाच आहे.