दाणेदार फोटो

औशाकडचे एक मामा मागच्या मंगळवारी मुतखड्याच्या स्कॅनला आले. कळ अशी, की टेबलावर सरळ झोपवेना. सोबतच्या पुतण्याला मी सांगत होतो, काळजी करू नका, जमेल तेवढी कमी क्ष-किरणं वापरतो. मामांनी कण्हतच विचारलं, "पैसे तर पुरे घेऊलालाव, मग किरणं का कमी देऊलालाव?"

मला हसू आलं. पण हा सवाल मलाही नोकरीच्या सुरुवातीला पडायचा. किरणं जास्त तर फोटो गुळगुळीत, फोटो गुळगुळीत तर डॉक्टर खूश.

लातुरात सीटी स्कॅनच्या मशीनवर काम करतोय त्याला आता चौदा वर्षं झाली. एप्रिल लागला की मुतखड्यांची रांग लागते. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं तेव्हा तर लोक पिण्याचं पाणीसुद्धा तांब्यानं मोजून घेत. एकाच माणसाला तीन वर्षांत चार वेळा टेबलावर झोपवलंय मी. किरणांचा धोका दर स्कॅनला साठत जातो, म्हणून त्यांचा हिशोब अशा माणसासाठी करायचा.

किरणं म्हणजे पाऊस समजा. पावसाचे चार थेंब पडले तर अंगण ठिपक्याठिपक्यांनी भिजतं, धो-धो पडला तर सगळं एकसारखं. फोटोतले दाणे म्हणजे हेच ठिपके. किरणं निम्मी केली तर दाणे दुप्पट होत नाहीत, साधारण 1.4 पट होतात. दुप्पट व्हायला किरणं पाव करावी लागतात. आणि कुठली गोष्ट किती दाट ते सांगणाऱ्या सीटीच्या मापात पाणी 0, हवा उणे 1000, मांस 30 ते 60, तर खडा शेकड्यात, कधी हजाराच्याही पुढं. ठिपक्याठिपक्यांच्या अंगणातही पांढरा गोटा लपत नाही. वर फोटोच्या 1 मिलिमीटर जाडीच्या चार चकत्या एकत्र करून पाहिल्या की दाणे निम्म्यावर येतात.

खरी बचत मात्र बटण दाबायच्या आधी होते. मामांच्या बंडीच्या खिशात चुनाळं होतं, कमरेला चांदीचा करदोडा. धातू दिसला की मशीनला वाटतं माणूस जाड आहे, ते करंट वाढवतं. शिवाय फोटोत पांढऱ्या रेघा, त्या वेगळ्याच. करदोडा काढायला मामा तयार नव्हते. पुतण्यानं "पाच मिनिटांचं काम, तात्या" म्हणत आर्जवं केली तेव्हा सुटला. मग हात डोक्यावर. मग टेबलाची उंची, जिच्याकडं नवी पोरं बघतच नाहीत. माणसाचा अंदाज घ्यायचा पहिला सपाट फोटो किरणं सोडणारी ट्यूब खाली ठेवून काढताना टेबल चार-पाच सेंटिमीटर खाली राहिलं, की माणूस ट्यूबजवळ येतो, फोटोत रुंद दिसतो आणि मशीन त्या खोट्या रुंदीला किरणं देतं. आणि लांबी! मूत्रपिंडाच्या वरच्या टोकापासून मूत्राशयाच्या तळापर्यंत पुरे असताना "असू द्या थोडं पदरचं" म्हणून छातीपासून सुरू करायची सवय मलाही होती.

पूर्वी मी अशा स्कॅनला 12 मिलिग्रे (मशीन दाखवतं ते किरणांचं माप) देऊन 45 सेंटिमीटर घ्यायचो, गुणाकार 540. मामांना 4 आणि 38, म्हणजे 152. अख्ख्या शरीराला किती बाधलं ते मोजणाऱ्या हिशोबात 8 मिलिसिव्हर्टऐवजी सव्वादोनच्या आसपास. जगातल्या माणसाला वर्षभरात निसर्गातूनच सरासरी 2.4 मिळतात.

हे शहाणपण उशिरा आलं. पहिल्या नोकरीत लिंबाच्या झाडावरून पडलेलं सात वर्षांचं पोरगं आलं. घाईत मोठ्या माणसाच्याच सेटिंगवर डोकं काढलं. फोटो इतका देखणा, की फोटो वाचणाऱ्या डॉक्टर सरांनी पाठ थोपटली. रात्री रजिस्टर भरताना आकडा पाहिला: 58 मिलिग्रे. त्या वयाला याहून बरंच कमी पुरतं. कुणी विचारलं नाही, मीही बोललो नाही.

म्हणून सरसकट काटकसर करतो असं मात्र नाही. यकृतातली गाठ आणि आजूबाजूचं यकृत यांच्यात फरक असतो दहा-वीस आकड्यांचा. तिथं दाण्यांत गाठ हरवली तर तो स्कॅन फुकट गेला, आणि परत काढायचा म्हणजे दुप्पट किरणं. तिथं मी हात आखडत नाही. दाणे पुसणारं नवं सॉफ्टवेअर आमच्याकडं आलंय, कामाचं आहे, पण जास्त लावलं की पोट प्लास्टिकचं दिसतं. इथले फोटो वाचणारे सर चिडतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

मामांचा फोटो पाठवला आणि दहा मिनिटांत सरांचा फोन.

"दाणे फार आहेत रे."

"खडा दिसला का, सर?"

थोडा वेळ नुसता माउसचा आवाज.

"डावीकडं, खाली. 5 मिलिमीटर. पाठव त्यांना."

मामा तोवर बाकावर बसून करदोडा बांधत होते. चुनाळं माझ्या टेबलावरच राहिलं, आता पुढच्या खेपेला.