एवढे जड बूट कशाला?

पुण्याच्या चुलत बहिणीपासून डेन्व्हरच्या मराठी मंडळातल्या मैत्रिणींपर्यंत सगळ्यांचा प्रश्न एकच. आमच्या दाराशी ठेवलेले चामड्याचे बूट कुणीतरी उचलून बघतं आणि विचारतं, "अगं, हे घालून तू डोंगर चढतेस?" त्यातल्या काहीजणींनी आता शिकारीचं प्रशिक्षण पूर्ण केलंय, या शरद ऋतूत पहिल्यांदा एल्कच्या, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाच्या, मागे जायचा त्यांचा बेत आहे. त्यामुळे लगेच पुढचा प्रश्न येतो, "मग आम्ही कोणते घेऊ?" जेवायला बसल्यावर याचं उत्तर नीट देता येत नाही. मी टाचेपाशी पोचेपर्यंत विषय मुलांच्या शाळेवर गेलेला असतो. म्हणून एकदाच लिहून काढते. मी शिकार का करते, हे इथे सांगणार नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे, पटत नसलं तरी.

आधी तुमची बाजू, कारण ती खरी आहे. पायातला एक किलो पाठीवरच्या पाच किलोंना भारी पडतो, असं डोंगरात जाणारे म्हणतात, आणि प्रयोगशाळेत माणसं चालवून केलेली मोजमापंही साधारण तेच सांगतात. माझ्या बुटांची जोडी दोन किलोंच्या आसपास भरते. धावायच्या शूजची जोडी त्याच्या एक तृतीयांश. लोक हलके शूज घालून हजारो मैलांच्या पायवाटा पूर्ण करतात. हे सगळं मला माहीत आहे, कारण हा वाद पूर्वी मीच घालायचे. राजगड, तोरणा, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड, सगळं कॅनव्हासच्या हंटर शूजमध्ये केलं. ते भिजायचे, दुसऱ्या दिवशी वाळायचे, फाटले की नवे घ्यायचे. परदेशी बूट घालून येणाऱ्यांबद्दल तेव्हाच्या माझ्या मनात फारसा आदर नव्हता. पावसाळ्यातल्या शेवाळलेल्या कातळावर जाड सोल घसरतो आणि पातळ रबर पकडतं, हे तेव्हाच्या त्या मुलीचं म्हणणं मी आजही खोडून काढू शकत नाही.

पण त्या मुलीच्या पाठीवर एक सॅक होती, तीत काय भरायचं ते तिनेच ठरवलेलं असायचं, आणि नको वाटलं तर तिला अर्ध्या वाटेतून परतता यायचं. शिकारीत गोळी सुटेपर्यंतच ही मुभा असते. एल्कची मादी पडली की त्या क्षणापासून दीडशे पाउंडांच्या आसपास मांस तुमच्या नावावर असतं. ते खाली आणायचं की नाही, हा प्रश्न उरत नाही. खाण्याजोगं मांस वाया घालवणं कोलोरॅडोत गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी मला तो प्रश्न पडला नसता. बूट निवडायचे ते या परतीसाठी. दुकानात तुम्ही रिकाम्या पाठीने चार पावलं चालून बघता आणि म्हणता, जड आहेत. रिकाम्या पाठीला ते जड लागणारच.

आम्ही जातो तो भाग फ्लॅट टॉप्सचा, वायव्य कोलोरॅडोतला. वर सपाट पठार, कडेने उभे कडे, आणि माथ्याचा खडक बेसॉल्टचा, आपल्या सह्याद्रीसारखाच. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा घरी आल्यासारखं वाटलं होतं. पण इथे उंची ११,००० फुटांच्या घरात, आणि ऑक्टोबर संपता संपता बर्फ. १९४०च्या दशकात सालीखालच्या किड्यांनी इथली स्प्रूसची, म्हणजे सूचिपर्णी झाडांची, जंगलं मोठ्या प्रमाणावर मारली, २००२ साली ट्रॅपर्स लेकच्या बाजूला मोठा वणवा लागला. मेलेली, जळलेली खोडं अजून आडवी पडलेली आहेत. काही ठिकाणी जमिनीवर पाय न टेकवता खोडाखोडांवरूनच जावं लागतं. शिवाय १९६४च्या कायद्याने राखलेल्या अशा रानात चाक चालत नाही. मोटार नाही, सायकल नाही, हातगाडीसुद्धा नाही. घोडा किंवा स्वतःची पाठ. आमच्याकडे घोडा नाही.

आता ओझं पाठीवर घेऊन घसाऱ्यावरून आडवं जायची कल्पना करा. उतार उजवीकडे पडतोय, तुम्ही त्याच्या कुशीतून सरळ रेषेत चाललात. अशा वेळी अख्खा तळवा टेकत नाहीच, सोलची फक्त डोंगराकडची कड टेकते. सोल मऊ असेल तर तो उताराप्रमाणे पिळतो, त्याबरोबर पाऊल पिळतं, आणि तीस किलो पेलायचं काम पोटरीच्या नि घोट्याच्या स्नायूंवर येतं. अर्ध्या तासात पाय थरथरायला लागतात. ताठ सोल पिळत नाही. तो कड रोवतो आणि तुम्हाला पायरी करून देतो. चामडं हवं ते यासाठी की पाऊल त्या ताठ सोलवर बाजूला सरकता कामा नये. अडीच-तीन मिलिमीटर जाडीचं अखंड चामडं पावलाला बाजूंनी धरून ठेवतं, जाळीचं कापड तसं धरत नाही. जळक्या फांद्यांची टोकं आणि बेसॉल्टच्या धारा जाळी फाडतात, ते वेगळंच.

उंच बुटात घोटा मुरगळत नाही, हे मात्र म्हणू नका. मीही ते पूर्वी ठासून सांगायचे, आता सांगत नाही. बास्केटबॉल खेळाडूंना उंच आणि आखूड शूज देऊन केलेल्या तुलनेत मुरगळण्यात ठळक फरक सापडला नव्हता. बूट घोट्याच्या वर गेला की बर्फ आणि खडी आत येत नाही, एवढं मी खात्रीने सांगू शकते.

आणि चामडं म्हणजे भक्कम, हेही समीकरण नाही. हे मला कसं कळलं ते सविस्तर सांगते, कारण तुमच्यापैकी एकीने मागच्याच महिन्यात मला विचारलं की कुणाचे तरी कपाटातले जुने, न वापरलेले बूट स्वस्तात मिळताहेत, घेऊ का.

ऑक्टोबरचा शेवट होता. संध्याकाळ होता होता मी एक मादी पाडली, कड्याच्या खालच्या टप्प्यावर. मी आणि नवरा, दोघांनी डोक्यावरच्या दिव्यात तिचं मांस काढलं, कापडी पिशव्यांत भरून स्प्रूसच्या फांद्यांना टांगलं, आणि पहिलं ओझं घेऊन तंबूवर आलो. रात्री वीतभर बर्फ पडलं. सकाळी परत वर गेलो. मी एक मागची तंगडी पाठीला बांधली, नवऱ्याने दुसरी. आडव्या वाटेवर शंभरेक पावलं आल्यावर उजव्या पायाखाली काहीतरी मऊ लागलं, चिखलात पाय पडल्यासारखं. बर्फाखाली चिखल नव्हता. खाली पाहिलं तर सोल पुढून उघडून लोंबत होता. चामडं आणि सोल यांच्यामधला जो थर असतो त्याचा भुगा झाला होता. बोटाने दाबला की चुरा पडत होता. तासाभरात डाव्या बुटाचंही तेच झालं.

वरचं चामडं मात्र निर्दोष होतं. दरवर्षी मेण लावलेलं, एक भेग नाही. मला त्या क्षणी त्याचाच सगळ्यात जास्त राग आला.

नवऱ्याने दोरीने सोल बांधला, वरून काठीला गुंडाळून ठेवलेली चिकटपट्टी फिरवली. बेसॉल्टच्या धारेवर दोरी तुटायची, परत बांधायची, परत तुटायची. शेवटी सोल निघूनच आला. मग कड रोवायला काही उरलंच नाही. प्रत्येक आडव्या पावलाला पाय खाली वळत होता. खोडांच्या पट्ट्यात मी एका ओल्या खोडावरून घसरले आणि ओझ्यासकट दोन खोडांच्या मधे पडले. गुडघा वळला. उठता येईना, कारण तंगडीचं वजन मला खाली दाबत होतं. पट्टे सोडवून बाहेर सरकले तेव्हा कळलं की बर्फ खालून आत शिरलंय, मोजे भिजलेत आणि बोटं लागत नाहीत. चिमटा काढला तरी कळत नव्हतं.

नवरा म्हणाला, तंगडी इथे झाडाला टांगू, जागा जीपीएसवर नोंदवू, उद्या मी एकटा येऊन नेतो. मी नाही म्हणाले. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग त्याने माझ्या पाठीवरचं ओझं सोडवलेलं होतं ते उचलून झाडाकडे नेलं. तो बरोबर होता. आम्ही टांगून ठेवलं, आणि मी त्याच्या खांद्याला धरून खाली आले. दुसऱ्या दिवशी तो पहाटे गेला, परत आणखी एकदा गेला. मी तंबूत पाय पोटाशी घेऊन बसले होते. मांस सगळं आलं, थंडी होती म्हणून टिकलं. आम्ही ते वर्षभर खाल्लं. पण जिचा जीव मी घेतला तिला खाली आणायचं काम माझं होतं, आणि ते दुसऱ्याने केलं. बोटांची संवेदना हिवाळा संपता संपता परत आली. हे दुसरं अजून गेलेलं नाही. लोक मला म्हणतात, अगं बुटांवर एवढं काय बोलतेस. मी या दिवसाबद्दल बोलत असते.

दुकानात गेल्यावर उत्तर मिळालं की बुटांचं वय झालं होतं, असं होतंच. होतं हे खरं आहे. मधला थर पॉलियुरेथेनचा असला की हवेतला ओलावा त्याला हळूहळू विघटित करतो. न वापरता खोक्यात ठेवलेले बूटही आतून असेच संपत जातात, उलट वापरातले जास्त टिकतात. हे सगळ्या बूट बनवणाऱ्यांना माहीत आहे. मग ते खोक्यावर छापलेलं का नसतं? विकताना 'आयुष्यभराचे बूट' म्हणणाऱ्या माणसाने मला हे एका वाक्यात सांगितलं असतं तर? तेव्हा जुने बूट स्वस्तात घेऊ का, याला माझं उत्तर: नको. चामडं कितीही सुंदर दिसो. बूट कधी बनला ते विचारा, आणि दरवर्षी हंगामाआधी अंगठ्याने मधला थर जोरात दाबून बघा.

शिवलेला बूट हा एक उपाय आहे, ज्यात वरचं चामडं, वेल्ट (कडेने फिरणारी पट्टी) आणि सोल दोऱ्याने जोडलेले असतात. झिजला की सोल बदलून मिळतो. वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनचे कारागीर लाकूडतोड्यांसाठी असे बूट पिढ्यान् पिढ्या बनवत आलेत. पण ते आणखी जड असतात, आणि त्यांची उंच टाच मला खोडांवर आवडत नाही. युरोपातले डोंगरी बूट, जर्मन किंवा इटालियन, मला जास्त मानवतात, जरी त्यांतल्या पुष्कळांत तोच पॉलियुरेथेनचा थर असतो. इटलीवरून आठवलं. १९३५ साली आल्प्समधल्या पुंता रासिकावर सहा गिर्यारोहक मेले, आणि त्यांचा साथी विताले ब्रामानी त्यानंतर रबराच्या दातेरी सोलच्या मागे लागला. १९३७मध्ये तो सोल आला. आज तुमच्या बुटाखाली पिवळ्या अष्टकोनात व्हिब्रम लिहिलेलं असतं, ते त्याच्याच नावावरून.

तर कोणते घ्यायचे? कंपनीचं नाव मी सांगणार नाही, कारण माझा पाय तुमचा नाही. संध्याकाळी जा, दिवसभरात पाय सुजलेले असतात. जे लोकरीचे मोजे घालणार तेच घाला. लेस न बांधता पाऊल पुढे सरकवा, टाचेमागे एक बोट जायला हवं. मग बांधा आणि दुकानातल्या उतरत्या फळीवरून खाली चाला. बोटं पुढे टेकली तर तो बूट परत ठेवा, कितीही आवडला तरी. टाच उचलली जात असेल तरीही ठेवा. रुंदी मापून घ्या. आपल्यापैकी बऱ्याचजणींचे चवडे रुंद असतात आणि टाचा अरुंद, चपलांवर वाढलेले पाय. इथले खरे ताठ बूट बहुतेक पुरुषांच्या साच्यावर बनतात, बायकांच्या मापात तेच मॉडेल मिळालं तरी सोल बऱ्याचदा मऊ केलेला असतो. मी सरळ पुरुषांच्या विभागात जाते, दीड नंबर कमी धरते आणि टाचेशी वेगळं अस्तर बसवते. एका विक्रेत्याने मला "मॅडम, हे तुम्हाला जड होतील" म्हणून दोनदा दुसरीकडे वळवलं होतं. वळू नका.

नवी कोल्हापुरी चावते तसे हेही चावतात. उन्हाळाभर घरात, बाजारात, मग पाठीवर पाण्याचे कॅन घेऊन टेकडीवर घाला. आत उष्णतेचा थर असलेले बूट एका जागी बसून शिकार करणाऱ्यांसाठी आहेत. चालणाऱ्याचे पाय त्यात घामाने भिजतात आणि मग गारठतात. भिजलेला बूट शेकोटीजवळ वाळवू नका, चामडं तडकतं आणि गोंद सुटतो.

गोअरटेक्सच्या, म्हणजे बाहेरचं पाणी अडवणाऱ्या, अस्तराबद्दल माझं माझ्याशीच पटत नाही. बर्फात ते हवंसं वाटतं, पण वरून एकदा पाणी आत गेलं की दोन दिवस वाळत नाही. मागच्या जोडीत ते होतं, आताच्या जोडीत नाही, पुढच्या जोडीत काय असेल ठाऊक नाही. आणि सप्टेंबरमध्ये नुसतं रान बघायला जाते तेव्हा मी हलके शूज घालते, हे कुणीतरी फोटोत पाहून मला पकडलं होतंच. हो, घालते. तेव्हा पाठीवर दुर्बीण, पाणी आणि डबा असतो. गुडघ्यांचं वय वाढेल तशी ऑक्टोबरमध्येही किती वर्षं हे दोन किलो वागवेन, सांगता येत नाही.

दुकानात जायच्या आधी पायाची लांबी आणि चवड्याची रुंदी मापून मला पाठवा, दोन्ही पायांची, संध्याकाळी घेतलेली. मग बोलू.