गळ्यातली गाठ म्हणजे टीबीच, असं धरून बसू नका

आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात पोराच्या गळ्याला गाठ आली की पहिला शब्द निघतो टीबी. घरोघरी विड्या वळायच्या, मागाचं तूस नाकातोंडात जायचं, टीबीचे पेशंट गल्लोगल्ली बघितलेले. डॉक्टरलाही तेच आधी सुचतं.

माझ्या भाचीचंही तसंच झालं. गळ्याच्या हाडावर घट्ट, रबरी गाठ, पण अजिबात न दुखणारी. संध्याकाळी ताप, रात्री घामानं उशी भिजायची, फ्रॉक सैल होत चाललेले. एका डॉक्टरांनी तपासणीशिवायच टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. लक्षणं टीबी आणि लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) या दोन्ही आजारांत सारखीच, हे खरं. म्हणूनच तर बायोप्सी करायची असते. नुसत्या सुईच्या तपासणीत लिम्फोमा अनेकदा नीट कळत नाही, शक्यतो अख्खी गाठ काढून तपासावी लागते. त्याआधी स्टेरॉइड तर नकोच. गाठ तात्पुरती बसते आणि खरा आजार झाकला जातो.

रिपोर्टमध्ये हॉजकिन लिम्फोमा आला. ताई मटकन खालीच बसली. शेजारीपाजारी सांत्वनाला आल्यासारखे येऊ लागले. मी प्रत्येकाला सांगत होते, अहो, हा बरा होतो! वेळेवर आणि पुरते उपचार मिळाले तर या प्रकारात १० पैकी ९ मुलं बरी होतात. लिम्फोमाचाच बर्किट नावाचा दुसरा प्रकार फार झपाट्यानं वाढतो, तिथं एकेक दिवस मोलाचा, पण तोही केमोला चांगली दाद देतो.

तरी आपल्याकडं मुलं दगावतात. निदान उशिरा होतं, केमोत पांढऱ्या पेशी उतरल्या की इन्फेक्शन होतं, आणि उपचार अर्ध्यात सुटतात. हे शेवटचं मला फार सलतं. केमोच्या एक-दोन सायकलींत, म्हणजे फेऱ्यांत, गाठ हाताला लागेनाशी होते, पोरगी खेळायला लागते. भाचीची आजीही म्हणालीच, "बरी झाली की आता, कशाला त्रास द्यायलाय लेकराला?" दाजींनी ऐकलं नाही. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री निघायचं, सकाळी दादर, तिथून परळचं टाटा हॉस्पिटल. दोन सायकलींनंतरचा पेट स्कॅन (अंगात कॅन्सर कुठं उरलाय ते दाखवणारी तपासणी) स्वच्छ आला, म्हणून रेडिएशन टळलं. पण उरलेली केमो पुरी केली.

मुंबई जमत नसेल तर आपल्या जिल्ह्यात बार्शीला कॅन्सर हॉस्पिटल आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी पहिल्याच दिवशी करा.

आता भाचीची टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) वेळोवेळी होते, कारण अ‍ॅड्रियामायसिन या केमोच्या औषधाचा परिणाम हृदयावर बऱ्याच वर्षांनीही दिसू शकतो. तिला या औषधाचा एकूण किती डोस गेला तो आकडा फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. उद्या ती शिकायला पुण्याला गेली तरी तिथल्या डॉक्टरांना तो लागणार आहे.